अभिषेकाची नावं आणि घरचा दुसरा कॉम्प्युटर

दमले हो मी! चहा घ्या, आणि माझा पराक्रम ऐका.

आमच्या चारकोपच्या शंकराच्या देवळात श्रावणी सोमवारी जोडप्यांचे अभिषेक असतात. कोण कधी बसणार, ते देवळातल्या कॉम्प्युटरवर मी घालते. माझी सून केतकी ऑफिसात कॉम्प्युटरचीच कामं करते. तिने घरी एक जुना कॉम्प्युटर त्याला जोडून दिला. देवळात जे जे होईल त्याची नोंद क्रमाने घरी येते आणि हा दुसरा तसंच्या तसं करतो. पहिला बिघडला की हा तयार!

"म्हणजे पूजेला जास्तीचा नारळ ठेवतो, तसं ना गं?"

"अगदी तसं नाही, आई..."

पुढचं ऐकतंय कोण!

रविवारी दुपारी देवळात बसले. म्हटलं, निर्माल्यावर नवं फूल वाहतात का कधी? गेल्या वर्षीची नावं पुसून टाकावी. पुसली. स्क्रीन कशी स्वच्छ! जरा जास्तच स्वच्छ. अहो, यंदाचीही गेली की! आणि पहाटेपासून जोडपी येणार!

तरी मी निवांत. केतकी मुलुंडला माहेरी गेली होती, तिला फोन लावला.

"अगं, नावं पुसली गेली. घरच्यावरून घेऊ ना?"

"आई! तिथे पुसलं की तोही पुसतो!"

"मग ठेवलाय कशाला मेला?"

"कधी पुसलंत?"

"हे काय, आत्ताच."

"मग घरी पळा! मी त्याला मुद्दाम तासभर मागे ठेवलाय. त्याने पुसायच्या आत बंद करा!"

पळा म्हणे! माझे हे गुडघे, त्यात लिफ्ट बंद. पायरीगणिक 'नमः शिवाय' म्हणत वर पोचले, बटण दाबलं आणि तिथेच फरशीवर बसले. संध्याकाळी केतकीने येऊन सगळी नावं परत काढली. देवच पावला!

"तासभर मागे का गं ठेवलास?"

"ऑफिसात आम्ही संकट म्हणून आग, पूर धरून चालतो. इथे..." ती घुटमळली. "रागावू नका हं, आई. तुम्हाला धरून चालले."

सोमवारी अभिषेक सुरळीत झाले. मी प्रसाद वाटत होते, तेव्हा देवळाचे सेक्रेटरी सावंतभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, सूनबाईंची तयारी झकास! पण आपल्या देवळावर असं कुठलं संकट येणार होतं हो?"

आता उपासाच्या दिवशी, पिंडीसमोर, खोटं कसं बोलणार?

म्हटलं, "आलंय ना. प्रसाद वाटतंय."