उभ्या ऑटोतल्या सवाऱ्या

कोणालेच खरं वाटलं नाही! पोलिसाले सांगितलं, वकिलाले सांगितलं, जजसाहेबाले हात जोडून सांगितलं. कोराडी रोडवर सकाळचं धुकं होतं, त्यात बिजलीघराची राख उडून राहिली होती, आणि पांढरा सांड आडवा आला. त्याले वाचवायले हँडल वळवलं, अन् रस्त्याच्या कडेनं चाललेला माणूस गेला. पण चौथी शिकलेल्या ऑटोवालीचं ऐकते कोण?

आता जरीपटक्याच्या आमच्या स्टँडवर ह्या केसचे इतके किस्से जमले आहेत, की सवारी नसली की तेच निघतात. बाकीचे सांगतात, मी ऐकते. कधी कधी वाटते, माह्याच नावाची ही शांता कोण बाई असंल बरं?

*

तो सांड तिथल्या बस्तीनं देवाच्या नावानं सोडलेला. त्याचं नाव लेकराबाळांले माहीत, पण कोर्टात कोणाच्या तोंडून निघेना.

माह्या वकिलानं बस्तीतल्या चहावाल्याले विचारलं, "रस्त्यावर काय होतं?"

"धुकं होतं साहेब."

"आणखी?"

"राख."

"सांड होता की नाही?"

चहावाल्यानं दोन्ही कान पकडले. "देवाले सोडलेल्यावर आळ घेत नसतेत साहेब. घर बसते!"

मेलेल्या माणसाची बायको, यशोदाबाई, त्याच बस्तीतल्या, तिथंच उभ्या होत्या. त्यांनीही सांडाचं नाव काढलं नाही.

देव सुटला, मी आत! लायसन्सही गेलं, बॅजही गेला.

*

जेलात डोळा लागला की मी ऑटो चालवायची. रस्ता असा मऊ, जसा पिंजलेला कापूस अंथरला. ना खड्डा, ना सिग्नल. मागं कोण बसलं आहे ते दिसायचं नाही, फक्त बांगड्या वाजायच्या.

एका सकाळी बाजूची बाई जेलरपुढं रडत उभी. "मॅडम, माही जागा बदला! ही झोपेत ब्रेक मारते, अन् पाय माह्या पोटऱ्यांवर!"

*

मी सुटून आली, पण लायसन्सवरची बंदी संपायची होती. ऑटो नेऊन लिंबाच्या झाडाखाली, स्टँडच्या लाइनीत लावला. आता आमच्या स्टँडचा कायदा असा, की नंबर तोडून कोणी पुढं जायचं नाही. माहा नंबर आला अन् लाइनच अडली!

स्टँडचे मुख्य बब्बूभाई. त्यांनी डोकं खाजवलं, म्हणाले, "ताई, बैठो. मनातल्या मनात एक चक्कर मारून या."

मी बसली, हँडल धरलं, डोळे मिटले. लिंबाची पानं सळसळून राहिली होती, ऑटो हलल्यासारखा वाटला. डोळे उघडले अन् म्हटलं, "आली जाऊन." मग सगळ्यांनी ऑटो ढकलत लाइनीच्या मागं नेला. रोजचंच झालं ते.

एकदा बब्बूभाई वैतागले. "आज इतना टाइम?"

"काय करू गा? कामठीचं रेल्वे फाटक बंद होतं!"

*

एक म्हातारी त्याच उभ्या ऑटोत येऊन बसली. "सावनेरले चाल वं."

"आजी, हा ऑटो जात नाही."

"मलेही कुठं जायचं आहे? तिथं आता आहे कोण माहं! तू चालव फक्त."

चालवला. ती हळूहळू सांगत गेली, ही विहीर, हे संत्र्याचं झाड, हा आमच्या वावराचा धुरा. मलेही दिसून राहिलं होतं सगळं. शेवटी खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बस, थांबव. माहेर आलं." उतरली, पदर झटकला, गेली.

बब्बूभाई हळूच जवळ आले. "ताई, रिटर्न सवारी मिली क्या?"

*

बंदी संपली. आरटीओत परत परीक्षा. साहेबानं फाइल पाहिली. "बाई, तुमच्या हातून माणूस गेला. आता परत काहून?"

"साहेब, हात अजून माह्याकडंच आहेत. त्यांले दुसरं काही येत नाही."

आठाचा आकडा काढायले लावला. मधातच मी ब्रेक मारला. मैदान रिकामं!

"काय झालं?"

"कोणी आडवं येते का, पाहून राहिली."

साहेबानं फाइल जवळ ओढली. मग सही केली.

*

लायसन्स आलं, बॅज आला, सवारी येईना. बाया जवळ यायच्या, मले ओळखायच्या अन् मागच्या ऑटोत बसायच्या. मग एका सकाळी, तशाच धुक्यात, यशोदाबाई आल्या.

"मी शांता आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे वं. आंधळी नाही मी. कोराडी रोडनं घरी सोड."

धुकं इतकं, की ऑटो ढगातून चालल्यासारखा. बस्ती आली तसा मी वेग कमी केला. अन् समोर पांढरं काहीतरी हललं.

मधोमध उभा! म्हातारा झालेला, एक शिंग मोडलेलं, पाठीवर राख. मी ऑटो थांबवला.

यशोदाबाईंनी मागून वाकून पाहिलं. "इथंच?"

"इथंच."

"असाच उभा होता?"

"असाच."

त्या खाली उतरल्या. सांडही ओळखीनं मान हलवत पुढं आला. रोज त्यांच्या दारची भाकर खायचा तो. बस्तीतली माणसं दाराशी येऊन उभी राहिली, चहावालाही. यशोदाबाईंनी पायातली चप्पल काढली, त्याच्या वशिंडावर हाणली, अन् सगळ्या बस्तीले ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"माह्या माणसाले तूच खाल्लं ना रे, भोल्या!"