अक्कासाठी आणलेली पुस्तके

नरसम्मा शाळेच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हाच मी काय ते समजायला हवे होते. आमच्या शेजारची ही विणकरीण दुपारच्या वेळी माग सोडून कधी बाहेर पडत नाही. सोलापूरच्या नवी पेठेतल्या गर्दीतून ती अनवाणी चालत आली होती. "बाई, घरी चला की ओ," एवढेच म्हणाली. पुढचे तिने वाटेत सांगितले. "मास्तर झोपलेत, ते उठंनात. अक्का वारा घालत बसलीय. मी म्हटलं, पुरे आता... ऐकत न्हाई." घरी पोहोचले तर खरेच, अक्का पंख्याने वारा घालत होती आणि भावोजींच्या कपाळावरचे पांढरे केस त्या वाऱ्याने हलत होते. मी तिच्या हातून पंखा घेतला. तिने तो लगेच सोडला. हात दुखून आला होता बिचारीचा.

दत्तोपंत भावोजी माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. मी लहानपणीच विधवा झाले, तेव्हा त्यांनी मला आपल्या घरी आणले, शिकवले आणि शाळेत नोकरीला लावले. त्यांच्या घरात तेव्हा दोन मुले होती. एका पावसाळ्यात गावात पटकी आली आणि एकाच आठवड्यात दोन्ही गेली. अक्का रडली नाही. ती बोलायचीच थांबली. 'पाणी', 'नको', 'बस', असे दोन-चार शब्द तेवढे उरले. चुलीपुढे बसली तर तव्यावरची भाकरी करपून जाई, आणि ती तिच्याकडे पाहत राही. नातेवाइकांनी अंगारे आणले, देवऋषी आणले. जुन्या बिऱ्हाडाच्या मालकाने जागा सोडायला सांगितली, म्हणून आम्ही साखर पेठेत विणकरांच्या वस्तीत राहायला आलो. डॉक्टरांनी पुण्याकडच्या वेड्यांच्या इस्पितळाचे नाव काढले. भावोजी एकटेच जाऊन ते पाहून आले. पायावर पाणी घेता घेता म्हणाले, "ताई, मी तिथं माझी छत्रीसुद्धा ठेवून येणार नाही." त्यानंतर त्या इस्पितळाचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

पुस्तके आली ती यानंतर. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या डॉक्टरच्या सामानाचा लिलाव होता. टेबल-खुर्च्यांना गिऱ्हाईक होते, पुस्तकांच्या पेटीला नव्हते. भावोजींनी ती घरी आणली आणि उघडली, तर सगळी पुस्तके माणसाच्या मनावरची. एकात माणसाच्या डोक्याचे चित्र काढून त्यावर शेतासारखे बांध घातलेले. या तुकड्यात लोभ, त्या तुकड्यात माया. एकात झोपेत चालणाऱ्यांच्या हकिकती. एक तर वेड्यांच्या इस्पितळात वर्षानुवर्षे काढलेल्या माणसाने स्वतःच लिहिलेले. चार-दोन जर्मन होती. भावोजी कोश घेऊन जर्मन शिकायला बसले. मुंबईच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानदारांना त्यांचा पत्ता पाठ झाला, आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी टपालवाला दोरीने बांधलेले पुडके आमच्या ओट्यावर टाकू लागला.

पुस्तकात वाचायचे आणि अक्कावर करून पाहायचे, असे त्यांचे बरेच दिवस चालले. घड्याळ दोरीला टांगून तिच्या डोळ्यांपुढे हलवले; अक्का जागीच राहिली, भावोजींना मात्र पेंग आली. मी तोंडाला पदर लावून हसले होते. थंड पाण्याच्या उपचाराला मात्र हसू आले नाही. तिसऱ्या घागरीला अक्का कुडकुडत त्यांच्याकडे नुसती पाहू लागली, तशी त्यांनी घागर खाली ठेवली आणि आपल्या धोतराच्या सोग्याने तिचे केस पुसत किती तरी वेळ मोरीतच बसून राहिले. मग एक-एक शब्द उच्चारून तिच्या चेहऱ्यात काही बदल होतो का पाहणे सुरू झाले. भाकरी. विहीर. पाळणा. जे दिसेल ते पुस्तकाच्या कडेच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात टिपून ठेवायचे. आधी शाईने, पुढे पेन्सिलीने. वर्षे गेली. कपाटे भरली, पाने काळी झाली, आणि अक्का होती तिथेच होती. एकदा मीच कंटाळून विचारले, "भावोजी, यातलं एक तरी उपयोगी पडलं का हो?" ते चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, "नाही. पण न वाचता बसवत नाही गं."

अशात एका पावसाळ्यात खालच्या फळीला वाळवी लागली. आम्ही दोघे शाळेत होतो. परत येतो तो ओटाभर पुस्तके पसरलेली, आणि मधोमध अक्का. ओलसर झालेले एक-एक पान हलक्या हाताने सोडवून ती उन्हाला दाखवत होती. माती झटकत होती. कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने नरसम्माच्या परड्यातला कडुलिंब खुणेनेच मागून घेतला, सावलीत वाळवला, वेखंडाच्या पुरचुंड्या केल्या आणि कप्प्याकप्प्यांत ठेवल्या. तेव्हापासून ते कपाट तिचे झाले. दर उन्हाळ्यात पुस्तके बाहेर काढायची, पुसायची, फाटक्या लुगड्याच्या पट्ट्यांत गुंडाळून परत ठेवायची. त्यातले एक अक्षर तिला वाचता येत नव्हते. भावोजी दारात उभे राहून पाहत राहायचे. "हे नाही टिपून ठेवलंत?" मी विचारले. म्हणाले, "हे कुठल्या पानावर लिहू?"

त्यांना पेन्शन मिळाल्यानंतर विद्यापीठातले एक प्राध्यापक मुद्दाम घरी आले. कोणाकडून तरी त्यांच्या कानावर गेले होते. दोन दिवस ते आमच्या ओट्यावर पुस्तके उलगडत होते. यातली काही तर मी कुठेच पाहिलेली नाहीत, म्हणाले. तुमच्यानंतर ही रद्दीत जातील, आमच्या ग्रंथालयात जपली जातील. भावोजींना ते पटले होते. पण मग प्राध्यापकांचे लक्ष कडेच्या टिपणांकडे गेले आणि त्यांचा आवाज चढला. "मास्तर, हे पुस्तकांहून मोलाचं आहे! एकाच रुग्णाची इतक्या वर्षांची नोंद... विद्यार्थी अभ्यास करतील यावर." अक्का तेव्हा चहाचे पेले घेऊन आली होती. भावोजींनी तिच्या हातातले पेले घेतले, ती आत गेल्यावर म्हणाले, "रुग्ण नव्हे. माझी बायको आहे ती." प्राध्यापक भला माणूस. वरमला. भावोजींनी उन्हाळाभराची मुदत मागितली.

तो सगळा उन्हाळा आम्ही रबराने पेन्सिल खोडत बसलो. मला शाळेची सुट्टी होती. बाहेर सोलापूरचे ऊन, भिंतीपलीकडे मागांची खटखट, आणि आम्ही दोघे पानामागून पान. बोटांना घट्टे पडले. भावोजींना तेव्हाच धाप लागू लागली होती. दहा पाने झाली की भिंतीला टेकून बसत. मला राहवले नाही. "एवढी मेहनत पुसून टाकता? उद्या दुसऱ्या कोणाच्या बायकोला उपयोग झाला तर?" त्यांनी पानावरचा रबराचा चुरा फुंकून टाकला. मग म्हणाले, "होईलही. पण मी हे लिहिलं तेव्हा तिला विचारलं होतं का? तिच्या तोंडाकडे पाहायचो आणि लिहायचो. तिला कसं वाटत असेल, दुसऱ्यानं आपल्याकडं असं बघत बसायचं..." मी पुढचे पुस्तक उघडले.

राहिले ते शाईचे. पहिल्या पेटीतले, डोक्याच्या चित्रावर बांध घातलेले पुस्तक. शाई खोडेना, पाने कापावीत तर ते पुस्तक पुन्हा मिळायचे नाही. भावोजी ते घेऊन अक्कापुढे बसले आणि त्यांनी तिला ती टिपणे वाचून दाखवली. "आज जेवली नाही. मुलांची नावं घेतली, डोळ्यांत पाणी नाही. रात्री धाकट्याचं अंगडं उशाशी होतं." शेवटपर्यंत वाचले. मग विचारले, "काय करू याचं? चुलीत घालू?" अक्का 'अंगडं' या शब्दाशीच अडकली असावी. खूप वेळाने म्हणाली, "राहू दे." ते पुस्तक राहू दे, की ते वाचणे राहू दे, मला आजही सांगता येणार नाही. भावोजींनी पहिला अर्थ घेतला. पुस्तक शाईसकट विद्यापीठात गेले.

पुस्तकांचा खटारा स्टेशनाकडे गेला आणि कपाटे रिकामी झाली, तेव्हा मला वाटले होते माणूस खचेल. तसे झाले नाही, पण बरे वाटले असेही नाही. दमलेला माणूस बसतो तसे ते बसले. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की अक्काशेजारी ओट्यावर जाऊन बसायचे आणि दिवसभराचे तिला सांगायचे. भाजीबाजारात कोण भेटले, कोणाच्या मुलीचे ठरले, टांगेवाला कसा घसरून पडला. तिच्या चेहऱ्याकडे न बघता, समोर रस्त्याकडे बघत. उत्तराची वाट नाही. अंधार पडला की "चला" म्हणून उठायचे. शेवटची दोन वर्षे त्यांनी एवढाच उपचार केला. त्याला उपचार म्हटलेले त्यांना आवडले नसते.

आता त्यांना जाऊन काही आठवडे झाले. भोंगा झाला की अक्का ओट्यावर येऊन बसते, म्हणून मीही बसते. शाळेतले सांगते. हा लेख छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवला. दोन ठिकाणी ती "नको" म्हणाली, तेवढा भाग काढला आहे. खरे सांगायचे तर मला भावोजींसारखे रोज बोलायला जमत नाही. दिवसभर वर्गात घसा कोरडा होतो. परवा तर एक शब्द काढायचे त्राण नव्हते. ओट्यावर दोघी गप्प. दिवे लागले, वस्तीतले माग एक-एक करून थांबले. मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात अक्का समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "नळाला पाणी उशिरा आलं आज. नरसम्मा भांडली."

इतके लांब वाक्य मी तिच्या तोंडून किती वर्षांत ऐकले नव्हते. मी तिच्याकडे वळून पाहणार होते, पण पाहिले नाही. रस्त्याकडेच बघत विचारले, "कुणाशी गं?"

अक्काने पुष्कळ विचार केला.

"सगळ्यांशी," ती म्हणाली.