खिडकी बंद आहे

कोणालाही ताटकळत न ठेवण्याच्या बाबतीत आमच्या मोठ्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात झाला नाही, पुढे होणार नाही, आणि याच एका सद्गुणापायी त्यांचा धंदा बुडाला. दुर्गुणापायी बुडालेले मी पुष्कळ पाहिलेत. दारू, पत्ते, निवडणूक, माणसाला बुडायला काय कमी आहे? पण रोज सकाळी अंघोळ करून, अगरबत्ती लावून, अगदी नियमाने आणि सचोटीने धंदा बुडवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. भोग म्हणतात ते यालाच.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. त्यांचा जन्म गेला एसटी स्टँडवर. वाहतूक नियंत्रक म्हणून खिडकीमागे बसायचं आणि कर्ण्यातून गाड्या पुकारायच्या. आवाज असा, की ते तोरणमाळची गाडी पुकारायला लागले म्हणजे फलाटावर झोपलेली कुत्रीसुद्धा उठून उभी राहत. कर्णा तोंडाशी असला की शुद्ध मराठी, खाली ठेवला की अहिराणी, असा त्यांचा हिशेब. नोकरी संपली तरी पुकारणं संपलं नाही. आक्काने ताट वाढायला घेतलं की ओट्यावरून आवाज यायचा, "जेवणाची वेळ झालेली आहे, संबंधितांनी हात धुऊन घ्यावेत." संबंधित म्हणजे ते एकटेच. माझ्या मेहुण्याच्या लग्नात कोणा शहाण्याने त्यांच्या हातात माइक दिला, तर त्यांनी भर मांडवात जाहीर केलं, "पहिली पंगत काही कारणाने उशिराने सुटत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." नवरीचे वडील बिचारे मुंडावळ्या सोडून आचाऱ्याकडे पळाले. भात तेवढा शिजायचा होता, बाकी काही नाही.

पण त्यांचं खरं दैवत म्हणजे पाटी. खिडकीवर माणूस नसेल तर 'खिडकी बंद आहे' ही पाटी लागलीच पाहिजे, मग पाणी प्यायला का उठलेले असेनात. पाटी न लावता उठणं म्हणजे माणसाला फसवणं, असं त्यांचं ठाम मत. स्वतःच्या मुलाच्या बारशाला हे गृहस्थ उशिरा पोहोचले, कारण डेपोत कोणीतरी ती पाटी कुठेतरी ठेवली होती आणि ती सापडेपर्यंत ते खुर्चीवरून हलले नाहीत. आक्का हे अजून ऐकवते. सुरुवातीला मी हसायचो. पुढे ती पाटी माझ्याच डोक्यात बसणार आहे हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर गाव सोडून गेलो असतो.

त्या मुलाला आता सुरतेत कापडाच्या कारखान्यात नोकरी आहे. मुलगा गुणी, पण त्याचा जीव सारखा टांगणीला. आईबाप दोघंच नंदुरबारला, उतारवय, दोन चुली त्यालाही झेपेनात. तो म्हणायला लागला, घर भाड्याने द्या आणि सुरतेला चला. आक्का म्हणाली, "माले सुरत जानं नही. तठे बोलाले कोन शे?" दुसऱ्या दिवशी साडूंनी जाहीर केलं, की आक्काच्या तिखटाचा धंदा सुरू होत आहे. आता नंदुरबारात तिखट विकणं म्हणजे समुद्रकाठी मीठ विकायला बसणं. गावाबाहेर मिरची वाळायला घातली की वारासुद्धा शिंकत येतो आमच्याकडे! पण खोटं कशाला बोलू, आक्काचं तिखट वेगळंच. एकेक मिरचीचं देठ खुडून, उखळात हाताने कुटलेलं. खाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तो ताट पुढे करून आणखी मागायचा. मुलानेही शेवटी मान्य केलं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत बघा, म्हणाला. धंदा पायावर उभा राहिला तर राहा, नाही तर मी गाडी घेऊन येतो आणि मग नाही म्हणायचं नाही. ठरलं.

इथवर सगळं ठीक होतं. मग कोणीतरी साडूंना सांगितलं, की हल्ली वेबसाइट लागते, आणि ती फुकट बनते. झालं! मी शाळेच्या कचेरीत कारकून. संगणकावर मुलांचे दाखले छापतो, एवढीच माझी विद्या. पण घरच्या मंडळींच्या मते जो दाखला छापतो त्याला काहीही छापता येतं.

"पाव्हनं," ते म्हणाले, "फुकट शे ना?"

"हो, फुकट आहे."

"मंग दोन करी टाका. एक आपलीकडनी, एक गुजरातनी."

कपाळाला हात लावला मी. एकच होते हे पटवण्यात सबंध रविवार गेला. पुढचे रविवार मजकुरात गेले. साडू येरझाऱ्या घालत सांगायचे, मी टंकायचो. "ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावे. नंदुरबारहून आपल्या स्वयंपाकघराकडे जाणारे तिखट तयार आहे." मी म्हटलं, साडूभाऊ, भाव टाका की. तर म्हणे भाव आधी सांगणं बरं दिसत नाही. माणूस येईल, बसेल, चहा घेईल, मग भाव. म्हणून भावाच्या जागी आम्ही लिहिलं, 'चहा घेतल्याशिवाय जाऊ नये.' फोटोसाठी दोघं भिंतीला पाठ लावून असे उभे राहिले, की पोलिसांना हवे असलेले वाटावेत. आणि तिखटाचा फोटो? तो राहिलाच.

फुकटच्या वेबसाइटवर ते कंपनीवाले मधूनच कोणाच्याही जाहिराती टाकतात. पहिल्याच आठवड्यात आमच्या डोक्यावर दुसऱ्याच एका तिखटाची जाहिरात येऊन बसली, लालभडक, नाचणारी. माझा संताप संताप झाला. साडूंनी चष्मा वर करून ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, "पाव्हना शे. बठू द्या." यावर काय बोलणार, कपाळ?

बरं, फुकटचा पत्ता म्हणजे मारुतीचं शेपूट. त्यात आपलं नाव एवढंसं आणि कंपनीचं हातभर. साडूंनी तो रंगाऱ्याकडून घराच्या दर्शनी भिंतीवर रंगवून घेतला. अर्ध्यातच त्यांची भिंत संपली. रंगाऱ्याने मला न विचारता उरलेला पत्ता माझ्या भिंतीवर ओढला. मी शाळेतून येऊन पाहतो तर माझ्या दाराशेजारी हिरव्या रंगात 'डॉट कॉम'. शेजारपाजारचे मला त्याच नावाने हाका मारायला लागले. आक्का मात्र खूश. दोन्ही घरं एकच वाटतात आता, म्हणाली.

हेही सोसलं असतं. पण वेबसाइटच्या पहिल्या पानावरची सूचना कशी बदलायची, तेवढं एक मी साडूंना शिकवलं होतं, आणि त्यांना त्यात आपली हरवलेली पाटी सापडली. सकाळी अंघोळ करून मुलाच्या जुन्या संगणकाला अगरबत्ती ओवाळायची आणि लिहायचं, 'खिडकी उघडली आहे.' दुपारी, 'जेवणाची सुट्टी.' मिरचीबाजार बंद असला की, 'आज बाजार बंद.' संध्याकाळी दिवेलागणीला, 'खिडकी बंद आहे, उद्या यावे.' शाळेत दाखले छापता छापता सहज बघावं तर 'मालक दाढीस गेले आहेत'! मी तणतणत घरी आलो.

"अहो साडूभाऊ, वेबसाइट झोपत नाही! लोक रात्रीच तर बघतात, कामधंदा आटोपल्यावर!"

"ती नही झोपस, पन मी झोपस ना," ते म्हणाले. "रातले कोनी उनं, खिडकी उघडी शे आनि मानूस नही. काय वाटी त्याले?"

त्याला म्हणजे कोणाला, हाच तर प्रश्न होता. थंडी गेली, ऊन तापायला लागलं, ओळखीपाळखीची चार घरं सोडली तर गिऱ्हाइकाचा पत्ता नाही. आक्का कुटतच होती. भिंतीपलीकडून उखळाचा आवाज आला की माझी बायको हातातलं काम थांबवून ऐकत उभी राहायची. आखाजी जवळ येत चालली होती.

आणि अशात एका दुपारी शाळेत मला निरोप दिसला. वेबसाइटवर कोणी चौकशी केली तर ती माझ्या संगणकावर यायची, तिथे आजवर चिटपाखरू फिरकलं नव्हतं. नाशिकच्या एका किराणा दुकानदाराने कोणाच्या तरी लग्नात आक्काचं तिखट खाल्लं होतं. वर्षभर माल घ्यायची त्याची तयारी होती. थोडा नमुना तेवढा आजच्या आज पाठवा, उद्या मला ठरवायचं आहे, असं त्याने लिहिलं होतं. वर्षभर! म्हणजे सुरत टळली. मी कचेरीला कुलूप लावायचंही विसरलो आणि धावत सुटलो.

साडू घोंगडीवर बसले होते. खांडबाऱ्याचे त्यांचे चुलते आदल्या दिवशी वारले होते, घराला सुतक होतं. वेबसाइटलाही होतं, सकाळीच त्यांनी सूचना लावली होती, 'सुतकामुळे खिडकी बंद आहे.' मी धापा टाकत सगळं सांगितलं. आक्का आतल्या दारात येऊन उभी राहिली. डबे भरलेले मागे फळीवर दिसत होते.

"एक डबा द्या फक्त," मी म्हटलं. "मी नेतो, मी पाठवतो. तुम्ही शिवूही नका."

साडूंनी घोंगडीचा कोपरा सारखा केला. मग म्हणाले, "पाव्हनं, बंदनी पाटी लावेल शे."

"कोण बघतंय ती पाटी!"

"तोच देखी ना, जो उना. पाटी वाचीसन जो परत गया, त्याले काय सांगू? बंदनी पाटी लाईसन मांगला दारथीन तिकीट देवानं? मन्हा हाते कधी व्हयनं नही."

मी वाट्टेल ते बोललो त्यांना. मोठे आहेत, दुःखात आहेत, काही पाहिलं नाही. पाटीच घाला गळ्यात आणि जा सुरतेला, असंही म्हणालो. ते ऐकून घेत राहिले. मी आक्काकडे पाहिलं, वाटलं ती तरी म्हणेल. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिने डब्याला हात लावला नाही. "त्यासना शबूद शे," एवढंच म्हणाली. दुकानदाराला मीच लिहिलं, घरात सुतक आहे, थोडे दिवस थांबा. त्याने मोठ्या सभ्यपणे कळवलं, की ऐकून वाईट वाटलं, पण माझं दुसरीकडे ठरलं.

आखाजी आली. गल्लीतल्या माहेरवाशिणी निंबाला झोके बांधून गाणी म्हणत होत्या, घराघरात आंब्याचा रस आणि पुरणपोळी. मुलगा गाडी घेऊन आला. तो एक शब्द उणा बोलला नाही, त्यामुळे जास्तच जड गेलं. सामान गाडीत गेलं. उखळ काही मावेना, ते आक्काने माझ्या बायकोच्या स्वाधीन केलं आणि दोघी बहिणी त्याच्यापाशी बसून रडल्या. आक्काला घाटातली वळणं लागतात म्हणून ती दोघं रेल्वेने जाणार होती. स्टेशनवर सुरतेच्या गाडीची घोषणा झाली. साडूंनी मान तिरपी करून ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "आवाजमा दम नही." एवढंच बोलले ते त्या दिवशी.

त्यांच्या घरात आता भाडेकरू आहेत. त्यांनी भिंतीला रंग दिला, पत्ता गेला. माझ्या भिंतीवरचं 'डॉट कॉम' तसंच आहे. पुसायला फडकं घेऊन दोनदा गेलो आणि परत आलो. वेबसाइटही तशीच आहे. फुकटची, बंद कोण करणार? एकदा उघडून पाहिली. निघायच्या सकाळी साडूंनी शेवटची सूचना लावली होती. 'खिडकी कायमची बंद झाली आहे. कोणीही ताटकळत बसू नये. लांबून आलेल्यांनी शेजारच्या, भिंतीवर डॉट कॉम असलेल्या घरी चहा घेऊन जावे. त्यांना सांगितलेले आहे.' मला कोणी काहीही सांगितलेलं नव्हतं!

मध्ये नवापूरकडचा एक माणूस खरंच येऊन उभा राहिला, मोबाइलवर ती सूचना दाखवत. बायकोने चहा टाकला. जाताना तिने घरातलं उरलेलं तिखट पुडीत बांधून त्याला दिलं, आक्काच्या हातचं शेवटचं होतं ते.

परवा आम्हा दोघांना लग्नाला धुळ्याला जायचं होतं. सकाळी कुलूप हातात घेतलं आणि पाय काही दाराबाहेर पडेना. शेवटी चपला काढून संगणकाशी बसलो आणि त्या सूचनेखाली एक ओळ लिहिली, 'आज शेजारचे घरही बंद राहील.' दाराशी पोहोचतो न पोहोचतो तो मोबाइल वाजला. सुरतेहून साडू.

"पाटी वाची," ते म्हणाले. "कोठे चालनात?"

म्हणजे हा माणूस तिथेही रोज सकाळी अंघोळ करून ती उघडून बसतो. धुळ्याचं सांगितलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "कोनी उनं का?"

"एक जण आला होता. नवापूरकडचा."

"चहा दिना ना?"

"दिला."

मागे कुठेतरी आक्का 'कोन शे?' म्हणून विचारत होती. मग साडू खाकरले.

"लवकर परत या, पाव्हनं," ते म्हणाले. "कोनी उनं ते उगाच ताटकळी."