झालंमामांचे फाटक

स्थानकापुढच्या वळणाआड जे फाटक आहे, त्याच्या रखवालदाराला सारा परिसर ‘झालंमामा’ म्हणे. काम सांगणाऱ्याचे वाक्य पुरे होण्याआधीच ‘झालं’ म्हणून मोकळे होण्याची त्यांची सवय. मामी म्हणत, “तुमच्या ‘झालं’वर विसंबले तर घागर कोरडी आणि घसा त्याहून कोरडा!” मामा हसत, कारण कबूल केलेले काम ते मागाहून का होईना, करीतच.

गाडी सोडण्यापूर्वी स्टेशनमास्तरांनी फोनवर विचारावे आणि मामांनी ‘फाटक बंद आहे’ असे स्पष्ट सांगावे, हा नियम. वर्षानुवर्षांच्या सहवासात त्या तीन शब्दांचा एकच होऊन बसला होता.

त्या दुपारीही फोन वाजला.

“मामा, फाटक?”

“झालं, साहेब.”

फोन ठेवून मामा फाटक लावायला बाहेर आले, तो विटांनी भरलेला टेम्पो रुळांच्या मधोमध बंद पडलेला! उलट पावली त्यांनी फोन गाठला.

“साहेब, गाडी सोडू नका! फाटक उघडं आहे!”

“अहो, आत्ता झालं म्हणालात ना? गाडी सुटलीसुद्धा!”

लाल निशाण उचलून मामा स्थानकाच्या दिशेने धावले.

“मामा, एक धक्का मारा की! लगेच सुरू होईल!” टेम्पोवाला मागून ओरडला.

“खड्ड्यात गेला तुझा टेम्पो! उतर आणि पळ!”

वळणामुळे गाडीच्या चालकाला फाटक दिसणार नव्हते. दिसलेच तर हे निशाण. खडी पायांखालून सरकत होती. मामा कसेबसे वळण ओलांडतात तोच समोरून इंजिन येताना दिसले. हात उंचावून ते निशाण हलवीत राहिले. ब्रेक किंचाळले, गाडी घसटत घसटत त्यांच्या पुढ्यात थांबली.

“मामा, जिवावर उदार झालात काय?” चालक वरून ओरडला.

ओठांवर आलेला नेहमीचा शब्द मामांनी गिळला.

चौकशी झाली. शिक्षा भोगून मामा चौकीवर परतले, त्या दिवशी पहिल्याच गाडीला फोन आला.

“मामा, फाटक?”

मामांनी फोन मेजावर ठेवला, बाहेर जाऊन आडवा दांडा हलवून पाहिला, रुळांवर नजर फिरवली आणि परत आले.

“साहेब, फाटक बंद आहे.”

“झालं तर मग!”

“तसं नको, साहेब. बंद आहे, असं म्हणा.”



“फाटक बंद आहे,” मास्तर म्हणाले, आणि मगच गाडी सोडायला सिग्नल पडला.