खुर्चीचा निळा रंग

आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून हॉल हेच त्यांचं जग. खिडकीशी खुर्चीत बसायचं, रस्ता बघायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. ती खुर्ची उंच, गादीची, लाकडी हातांची. दुसऱ्या कशावरून त्यांना आपलं आपण उठताच येत नाही. पण कापड विटून मातकट झालेलं, आणि हातांवरचं पॉलिश इतकं तडकलेलं की बोट फिरवलं तर खपल्या निघायच्या.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या तोंडावर मुलाने नवा सोफा आणला. म्हणाला, "आई, ती खुर्ची आता कबाडीवाल्याला देऊन टाकू. सोफ्याच्या शेजारी बिलकुल शोभत नाही."

"आणि बाबा कुठे बसणार?"

"सोफ्यावर."

"बसतील रे. उठवणार कोण? तू तर ऑफिसात."

त्याने खुर्चीच्या हातावरची एक खपली नखाने काढली. मग म्हणाला, "बरं, दिसायला ठीक करून दाखव. मग राहू दे हॉलमध्ये."

नवं कापड चढवणाऱ्याकडे लग्नसराईची गर्दी, तो काही हात लावेना. मोबाईलवर मी एका बाईला गादीच्या कापडालाच रंग लावताना पाहिलं होतं. म्हटलं, आपण का नाही? टावर चौकातून निळा रंग आणला, ब्रश आणला, आणि खुर्ची अंगणात काढवली.

आता आमचं काय होतं बघा, आम्हाला चैत्राचं ऊन दिसलं की त्यात काहीतरी घालून वाळवायची खाज. कुरडया, पापड, साबुदाण्याच्या चकल्या. तसंच मी केलं. एकदाच जाडजूड हात मारला, सगळे डाग झाकले, आणि खुर्ची भर उन्हात ठेवून जेवायला गेले. येऊन बघते तर वरून कडक, आतून ओली, आणि गादीभर तडे.

शेजारीण भिंतीवरून डोकावली. "काकू, यंदा खुर्चीचे पापड घातलेत का?"

"हो, तळायला तू ये," म्हटलं. हसले खरी, पण आता काम आणखी लांबणार होतं.

खुर्ची अंगणात, म्हणून हे पलंगावर. दिवसभर छताकडे बघत पडायचे. लघवीला जायचं तरी मला उठवावं लागायचं, आणि माझी कंबर काही तरुण नाही. मला म्हणायचे, "अगं, मला काय करायचाय रंग? आण ती खुर्ची आत, जशी असेल तशी."

"तशी आणली तर कबाड्याकडे जाईल," मी म्हणायचे. मग ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. ते मला बघवायचं नाही.

मग रेजमालाचा खरखरीत कागद घेऊन बसले. कडक पापुद्रे हलक्या हाताने घासून काढले, धूळ ओल्या फडक्याने पुसली. रंगात पाणी घालून तो ताकासारखा पातळ केला. कापड आधी ओलसर करायचं, एक हात द्यायचा, सावलीत वाळू द्यायचं, परत घासायचं, परत एक हात. लाकडाचं तडकलेलं पॉलिश पार मुळापर्यंत खरवडलं, तेव्हा कुठे नवं धरलं. मनगट असं सुजलं की कणीक सूनच मळायची. अंगणाकडे पाठ करून मळायची. सोफा तिच्याच पसंतीचा होता.

हळदीकुंकवाच्या सकाळी खुर्ची तयार झाली. अगदी दुकानातल्यासारखी नाही, हात फिरवला तर कापड जरा राठ लागायचं, पण निळी, स्वच्छ. मुलाने बघितली. "छान झाली गं," म्हणाला, आणि उचलून मागच्या खोलीत ठेवली. "आजच्यापुरती. बायका येतील, जागा हवी."

ह्यांना तिथेच बसवलं. संध्याकाळभर मी कुंकू लावलं, ओटीत हरभरे घातले, पन्हं दिलं. बायका गेल्यावर मुलाला म्हटलं, "आता आण बाहेर."

"उद्या बघू ना, आई. हॉल किती मोकळा वाटतोय."

माझ्यात भांडायचंही त्राण नव्हतं. तेवढ्यात वॉकरचा आवाज आला. हे आपले आपण उठून हॉलमध्ये आले होते. खिडकीपाशी गेले, जिथे खुर्ची असायची तिथे, आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले. मुलगा म्हणाला, "बाबा, सोफ्यावर बसा ना." ह्यांनी मानेनेच नाही म्हटलं. पाय थरथरत होते.

सुनेने हातातली पन्ह्याची भांडी खाली ठेवली आणि मागे गेली. आतून हाक आली, "आई, तिकडून धरा, मला एकटीला नाही जमायची."

दोघींनी ओढत आणली. दाराच्या चौकटीला घासून एका हाताचं पॉलिश निघालं. हे बसले तशी गादीवरच्या रंगाला कोपऱ्यात बारीक तडा गेला, मला स्पष्ट दिसला.

"राहू द्या, आई," सून म्हणाली. "परवा लावू. मी घासून देईन."

मी तिथेच जमिनीवर बसले. ह्यांनी खिडकी उघडली आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला तरी विचारलं, "क्यों भाई, इतने दिन कहाँ थे?"