सरांची कवळी आणि सिद्धगडचा झरा

दळवी सरांचे किस्से कोणी मुद्दाम जमवले नाय. आमी शहापूरला कॉलेजात जिऑलॉजीला होतो, रोज काहीतरी घडायचं, थर बसत गेला. आता पव्या आणि मी नोकरीला लागलो. भेटलो की तोच थर खरवडत बसतो.

*

सर शिकवत होते. पावसाचं पाणी मातीतून मुरताना गॅस घेतं, त्या गॅसच्या जोरावर दगडातला चुना विरघळवतं. धबधब्यावर पाणी आपटलं की गॅस उडतो, चुना मागं राहतो, शेवाळावर, काटक्यांवर बसून दगड होतो. समजावायला सरांनी वर्गात गोटी सोडा फोडला. पहिला बेंच भिजला.

पव्या शर्ट पिळत म्हणाला, "सर, याचा दगड कधी होणार?"

"तू पास होशील तोवर होईल."

*

बाहेरून येणारे परीक्षक दरवर्षी सरांना ऐकवायचे, "तुमच्याकडं सगळा काळा दगड. असले थर चुनखडीच्या मुलखात बनतात." सरांना ते लागायचं. रिटायर व्हायच्या आत कपाटात इथला एक तरी नमुना ठेवायचा, एवढाच हट्ट. शेवटी सिद्धगडच्या पायथ्याला एक झरा सापडला, शेवाळ पांढरं, कडक होत चाललेलं. ते मोडू नये म्हणून सर सगळ्यांना चपला काढायला लावायचे.

मोळी घेऊन चाललेल्या एका मावशीनं आमाला अनवाणी बघितलं, भारा खाली ठेवला आणि हात जोडले.

"कुठला देव रे हा?"

सर म्हणाले, "अजून बनतोय."

*

मी एकदा काटकीला प्लास्टर ऑफ पॅरिस फासून नमुना म्हणून दिली. सरांनी ॲसिडचा थेंब टाकला. खरा थर असता तर फेस आला असता. सरांनी शांतपणे वाट बघितली.

"फेस नाय. पण हात चांगलाय. गणपती बनवतोस का?"

त्या वर्षी सरांच्या घरी माझ्या हातचा गणपती बसला.

*

एकदा ओणवं होऊन झऱ्याचं पाणी पिताना पडू नये म्हणून सरांनी खालची कवळी काढून कपारीत ठेवली. पाण्यानं ती कुठं नेली, कळलंच नाय. नवी करायला सर तयार नव्हते. "तिथंच असेल," म्हणायचे, आणि तोंडावर हात ठेवून हसायचे.

पुढच्या हिवाळ्यात ती खालच्या डबक्याच्या काठाला सापडली. दातांवर पांढरा, टणक थर.

घरी काकूंनी लिंबू कापून ठेवलं. लिंबानं थर निघाला असता, सरांना भाकरी चावता आली असती. सरांनी लिंबाचं सरबत केलं, आणि कवळी कॉलेजच्या कपाटात ठेवली.

परीक्षक आले. थेंब टाकला. फेस आला. ते चष्मा सावरून बराच वेळ वाकून बघत राहिले.

"थर अस्सल आहे, दळवी. पण हा जबडा कुठल्या प्राण्याचा?"

सरांनी तोंडावरचा हात काढला आणि हसले.