‘व्हय’ म्हणजे होकार नव्हे

परवापर्यंत कुणापाशी बोललो नव्हतो, ते आधी सांगून टाकतो. सणसर गावात भाजीच्या मळ्यांत राबणाऱ्या बायकांचं रक्त मी ‘साखर तपासतो’ म्हणून घेतलं होतं. साखर तपासलीही, पण मला बघायचं होतं, भाज्यांवर फवारायचं औषध त्यांच्या रक्तात उतरतं का. खरं सांगितलं तर नको म्हणतील, ही धास्ती... माझ्या सहकारी शैलामॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा आधी रडू आलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज दीड महिना झाला तरी जात नाही.

आमच्या बारामतीच्या कॉलेजात संशोधनाची नैतिकता समिती त्यांनी उभी केली. स्टाफरूममध्ये टिंगल व्हायची. “मॅडम, आता बेडकाचीही परवानगी काढायची का?” “तो नाही म्हणाला तर ऐकणार आहात का?” त्या विचारायच्या.

एकदा त्यांच्यासोबत कळस गावी गेलो. आमच्या एका विद्यार्थिनीने तिथे डाळिंबाच्या बागेतल्या बायकांची पाहणी केली होती, सगळ्यांच्या संमतीने. मॅडम मूळच्या तिकडच्याच, इंदापूरच्या; सरळ बांधावर बसल्या आणि एका मावशींना म्हणाल्या, “पोरीनं काय सांगितलं वो तुमाला?”

“काय की बया. ती बोलत व्हती, मी व्हय व्हय करीत व्हते. गप ऱ्हायले तर पोरीला वाईट वाटंल न्हवं?”

मॅडम पोट धरून हसल्या. आपल्याकडे ‘व्हय’ म्हणजे ‘ऐकतेय’, एवढंच. परतताना गाडीतच त्यांनी नियम केला. समजावून सांगायचं आणि निघून यायचं. दुसऱ्या दिवशी वेगळ्याच कुणीतरी जाऊन काय कळलं ते विचारायचं. माणसाने आपल्या शब्दांत सांगितलं, तरच ती संमती. “‘न्हाय’ म्हणायला एक रात्र तरी मिळू दे की,” त्या म्हणाल्या. आणि मग, “तुमच्या सणसरच्या बायकांना कळलं होतं ना, सर?”

“हो, मॅडम.”

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

परवा मी समितीपुढे सगळं बोललो. कळसची ती विद्यार्थिनी आता समितीची सचिव आहे. अभ्यास थांबवा म्हणाली, पण बोल लावला नाही. “सणसरला कधी जाताय, सर? तुम्ही सांगून या. दुसऱ्या दिवशी मी जाऊन विचारते, त्यांना काय कळलं ते.” मॅडमची रीत तिच्या तोंडून ऐकली आणि कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

त्या बायका अजून उघड्या हातांनी फवारणी करतात. त्यांच्या रक्तात औषधाचा अंश निघाला होता. हे त्यांना सांगणं माझ्याकडे बाकी आहे.